अर्ध्या उंचीचं कार्ड

सदाशिव मोपाच्या धावपट्टीवर विमान उतरवत होता, तेवढ्यात पडद्यावर उभ्या गुलाबी रेघा आल्या, थरथरल्या, आणि सगळं काळं झालं. आवाज मात्र चालूच होता. इंजिन घरघरत होतं, चाकं जमिनीला लागल्याचा धप्प आवाजही आला. म्हणजे विमान उतरलं होतं, फक्त उतरताना दिसलं नव्हतं.

शांताने आतून विचारलं, काय झालं. काही नाही, कंप्युटर बिघडला, असं त्याने सांगितल्यावर ती पुन्हा नारळ कांतायला लागली. नवऱ्याच्या विमानांशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

सदाशिव कदंबचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा, निवृत्त ड्रायव्हर. पेडणे ते पणजी हा रस्ता त्याने इतकी वर्षं चालवला होता, की कोलवाळच्या पुलावर कुठल्या सांध्याला गाडी कशी उसळते हे त्याच्या पाठीला ठाऊक होतं. घर वारखंडला. मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि विमानं गावाजवळून चढू-उतरू लागली, तेव्हा काही जणांना आवाजाचा त्रास झाला, बाकीच्यांना हळूहळू सवय झाली. सदाशिवला सवय झालीच नाही. विमानाचा आवाज आला की तो हातातलं काम टाकून अंगणात यायचा आणि मान वर करून उभा राहायचा. पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाला आपलं गाव कसं दिसत असेल, हा त्याचा प्रश्न होता. लोक म्हणत, एकदा तिकीट काढून बसून ये. त्यावर त्याचं म्हणणं, की प्रवाशाला बाजूचं जनेल मिळतं, ड्रायव्हरची काच मिळत नाही.

हे त्याच्या मुलाने, साईशने, कधीतरी ऐकलं. साईश पुण्याला नोकरी करतो. कॉलेजात असताना घेतलेला त्याचा कंप्युटर घरी पडून होता. एका चवथीला गणपतीसाठी आला तेव्हा त्याने त्यावर विमान चालवायचा एक प्रोग्राम घालून दिला. कुणा हौशी माणसाने त्यासाठी उपग्रहाच्या फोटोंवरून गोव्याची सगळी जमीन तयार केली होती. तीही साईशने उतरवून ठेवली, पण चालवून दाखवली नाही. बाबा, हे एवढं आपल्या जुन्या मशीनला झेपायचं नाही, असं तो म्हणाला. त्यामुळे सदाशिव मोपावरून उडायचा खरा, पण खालची जमीन नुसती हिरवी असायची आणि तिच्यावर कुठल्या तरी परक्या देशातली, एकसारख्या छपरांची घरं पेरलेली असायची. वारखंड तिथे नव्हतंच. तरी तो शिकत राहिला. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उतरायचं, नाक किती उचलायचं, हे सगळं त्याला यायला लागलं होतं.

आता पडदा काळा पडल्यावर त्याने साईशला फोन केला. रेघांचं वर्णन ऐकून साईश म्हणाला, ग्राफिक्स कार्ड गेलं. आणि लगेच म्हणाला, मी नवा लॅपटॉप पाठवतो, ती पेटी भंगारात द्या. सदाशिवने विचारलं, कार्ड म्हणजे त्या पेटीतला नेमका कुठला भाग? तो गेला म्हणजे त्याचं काय झालं? साईश मीटिंगमध्ये होता. रात्री फोन करतो म्हणाला.

सदाशिवला नवा लॅपटॉप नको होता असं नाही. पण बस बिघडली तर डेपोत ती उघडायची, काय मोडलंय ते बघायचं, मग ठरवायचं, अशी त्याच्या हाताला सवय होती. न बघताच भंगारात, हे त्याला पटेना. त्याचा मेहुणा, शांताचा भाऊ बाबली, मुळगावला राहतो. त्याने सांगितलं, की डिचोलीच्या बाजारामागे गौरवी नावाची एक बाई कंप्युटर दुरुस्त करते, शाळांचे कंप्युटर तीच बघते. मग सदाशिवने पेटी चादरीत गुंडाळली, मांडीवर घेतली, आणि म्हापशाला गाडी बदलून डिचोलीला गेला.

गौरवी तिशीतली होती. दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली, भिंतीला प्रिंटरांची थप्पी. तिने पेटीचं झाकण काढलं आणि ब्रशने धूळ झाडली. मग आतून एक हिरवट पट्टी ओढून त्याच्या हातात दिली. तिच्यावर एक छोटा पंखा होता. त्याने बोटाने फिरवून पाहिला. फिरत नव्हता.

"पंखो अडाकलो, मग कार्ड तापला," गौरवी म्हणाली. "ह्या आता चलाचा नाय."

मग तिने पडद्याची वायर मागच्या दुसऱ्याच भोकात घातली आणि मशीन सुरू केलं. चित्र आलं. सदाशिव चकित झाला. कार्ड तर त्याच्या हातात होतं. मग चित्र कुठून आलं? तिने सांगितलं, की साध्या कामापुरती सोय मशीनमध्ये मुळातच असते. तर मग कार्ड हवंच कशाला, असं त्याने विचारलं. तिने त्याचा विमानाचा प्रोग्राम चालू केला. विमान धावपट्टीवर एक चित्र, मग थांबून पुढचं चित्र, असं भिंतीवरचं कॅलेंडर उलटावं तसं सरकायला लागलं. त्याला उत्तर मिळालं.

त्याने त्या दिवशी इतके प्रश्न विचारले, की गौरवीने शेवटी दुसरी खुर्ची पुढे ओढली आणि चहा मागवला. तिला बहुधा अशी माणसं भेटत नसावीत. लोक मशीन ठेवून जातात, चालू झालं की घेऊन जातात. हा मात्र विचारत होता, की कार्डाला वीज कुठून मिळते. ती म्हणाली, ज्या खाचेत ते बसतं तिथूनच, पण तिथून थोडीच मिळते. मोठ्या कार्डांना वरून वेगळी वायर जोडावी लागते, आणि तुमच्या मशीनमध्ये ती वायर नाही. हे ऑफिसात वापरायचं मशीन, अंगाने बारीक. नेहमीच्या उंचीचं कार्डही यात मावायचं नाही. अर्ध्या उंचीचं लागेल.

"आणि विमानाखालची खरी जमीन बघूची आसात तर?" त्याने साईशने उतरवून ठेवलेल्या फोटोंबद्दल सांगितलं.

तर कार्डाची स्वतःची मेमरी जास्त हवी, असं ती म्हणाली. जमिनीचे फोटो कार्डाला हाताशी ठेवावे लागतात. जागा पुरली नाही की ते दर वेळी आत आणायला जातं, आणि तेवढा वेळ विमान हवेत थबकतं. म्हणजे उंचीला अर्धं, विजेला कमी आणि पोटात जागा जास्त, असं कार्ड शोधायचं होतं. तिच्याकडे तसं नव्हतं. कुठे मिळालं तर बघा आणि घ्यायच्या आधी मला फोन करा, एवढं तिने बजावलं.

त्यानंतर सदाशिवला काम मिळालं. तो मोबाइलवर कार्डांची चित्रं बघत बसायचा. शांता विचारायची, आज काय, तर तो पंख्यांबद्दल सांगायला लागायचा आणि ती उठून जायची. त्यातच बाबलीचा फोन आला, की डिचोलीतल्याच लामगावचा एक ओळखीचा मुलगा, प्रज्योत, कार्ड विकतोय. सदाशिव तिथे गेला.

प्रज्योत तिशीच्या आतबाहेरचा, बँकेत कामाला. त्याने कपाटातून एक खोका काढला. आतलं कार्ड चांगलं जाडजूड होतं, वर दोन मोठे पंखे, हाताला जड. सदाशिवने दोन्ही पंखे फिरवून पाहिले. दोन्ही सुळकन फिरले. मेमरीही भरपूर होती.

"कार्ड बरा आसा," प्रज्योत म्हणाला. "पण लपवून कशाक ठेवू, मायनिंगचा आसा."

सदाशिवने कार्ड उजेडात धरलं आणि पंख्याच्या पात्यांमध्ये लाल धूळ दिसते का ते बघायला लागला. त्याला वाटलं, लोखंडाच्या खाणीच्या ऑफिसातलं असणार. प्रज्योत हसला आणि मग त्याने समजावून सांगितलं. ही कार्डं रात्रंदिवस गणितं सोडवत बसवायची, त्या गणितांतून कंप्युटरवरचे पैसे निघतात, त्याला मायनिंग म्हणतात. सदाशिवने विचारलं, मग खण खंय? खण नाय, प्रज्योत म्हणाला, नुसती गणिता. आणि आता ती पण बंद पडली, म्हणून विकतोय.

डिचोलीत बसून मायनिंग बंद पडल्याचं ऐकणं सदाशिवला नवीन नव्हतं. खाणी बंद झाल्या तेव्हा बाबलीचा खनिज वाहणारा ट्रक असाच एका दिवसात दारात उभा राहिला होता. पण गणितांची खाणही बंद पडते, याचं त्याला फार आश्चर्य वाटलं. कुणाला गणितं हवी होती, ती सोडवून पैसे कोण देतं, असं तो प्रज्योतला विचारत राहिला.

कार्डाचा मोह मात्र त्याला पडला. त्याने तिथूनच गौरवीला फोटो पाठवला. तिचा फोन आला, नको. हे दोन खाचा अडवतं, तुमच्या पेटीत मावणार नाही, आणि याला वेगळी वायर लागते. त्याने विचारलं, वीज देणारा डबाच बदलला तर? तुमच्या मशीनचा डबा वेगळ्या मापाचा, बाहेर मिळत नाही, ती म्हणाली. मग पेटीच मोठी घेतली तर?

"काका," गौरवी म्हणाली, "पेटी नवी, डबो नवो, कार्ड नवा. मग तुमचा जुना काय उरला?"

प्रज्योतने कार्ड पुन्हा खोक्यात ठेवलं, पण राग धरला नाही. उलट त्याने पणजीतल्या एका दुकानाचं नाव सांगितलं.

सदाशिव पणजीला गेला. ज्या रस्त्याने वर्षानुवर्षं स्वतः गाडी नेली, त्याच रस्त्याने आता मागे बसून. अठरा जून नावाच्या रस्त्याजवळच्या त्या दुकानातला विक्रेता म्हणाला, अर्ध्या उंचीची दोन आहेत, आणि त्याने दोन खोके काउंटरवर ठेवले. दोन्हींवर एकच नाव, एकच आकडा. एक जरा स्वस्त. सदाशिवने चष्मा लावला आणि दोन्ही खोक्यांच्या पाठी वाचायला घेतल्या. अर्ध्याअधिक ओळी त्याला कळत नव्हत्या. पण मेमरीच्या ओळीत दोन्हीकडे अक्षरं वेगळी होती, हे त्याला दिसलं. त्याने ते दाखवलं. विक्रेत्याने खोके जवळ घेऊन पाहिले. हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं, असं तो म्हणाला. दुकानात गर्दी नव्हती. दोघांनी मिळून मोबाइलवर शोधलं, तेव्हा कळलं, की एकाच नावाने दोन प्रकार निघाले होते. स्वस्तातल्याची मेमरी जागेला तेवढीच, पण चालीला फार मंद. विक्रेता म्हणाला, "बरं झालं विचारलंत," आणि त्याने दोन्ही खोके वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवले.

मग चांगल्या कार्डाचा खोका उघडला, तर कार्ड अर्ध्या उंचीचं, पण त्याच्या टोकाची पत्र्याची पट्टी पूर्ण उंचीची. सदाशिवचा चेहरा उतरला. विक्रेत्याने खोका उलटा करून झटकला. प्लास्टिकच्या पिशवीतून तशीच एक छोटी पट्टी आणि दोन स्क्रू बाहेर पडले. सदाशिवने तिथूनच गौरवीला सगळं वाचून दाखवलं. वायर लागत नाही ना, असं तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, घ्या.

कार्ड बसवायच्या दिवशी शांताही निघाली. तिला मुळगावला माहेरी जायचं होतं. बाबलीने जेवायला बोलावलं होतं. वाटेत डिचोलीला थोडा वेळ थांबू, असं सदाशिवने तिला सांगितलं. तिला त्या थोड्या वेळाचा अंदाज होता, म्हणून तिने पोदेराकडचे उंडे पाव पिशवीत घेतले.

गौरवीने पट्टी बदलली आणि कार्ड खाचेत दाबलं. टक् असा आवाज आला. मशीन सुरू केलं. कार्डाचा पंखा फिरला. पडदा काळा.

तिने वायर बदलली. काळा. कार्ड काढून शाळेच्या एका मशीनमध्ये लावलं, तिथे चित्र लख्ख आलं. परत सदाशिवच्या मशीनमध्ये लावलं, काळा. सदाशिव एक पाऊल मागे सरला. बिघाड सापडत नसताना मेकॅनिकच्या कानाशी बोलू नये, हे त्याला माहीत होतं. शांताने त्याला हळूच विचारलं, फसलो काय आपण? त्याने मान हलवली. त्याला फसल्यासारखं वाटत नव्हतं. मशीनही चांगलं आणि कार्डही चांगलं असताना दोघांचं जमत का नाही, हे त्याला जाणून घ्यायचं होतं.

गौरवीने बराच वेळ काहीतरी वाचलं आणि मग ती खुर्चीत मागे टेकली. ती म्हणाली, मशीन चालू होताना सगळ्यात आधी जो छोटा प्रोग्राम जागा होतो, तो या मशीनचा फार जुना आहे. तो चालू करायच्या वेळी आत कोण कोण आहे ते बघतो.

"तो केलो तेव्हा ह्या कार्ड जन्माकच येवक नव्हता," ती म्हणाली. "मगे वळखतलो कसो?"

तो प्रोग्राम नवा घालता येत होता. पण घालत असताना वीज गेली तर मशीन कायमचं जाईल, असं तिने आधीच सांगितलं. घालू का, हे त्याला विचारलं. सदाशिवने शांताकडे पाहिलं. शांता म्हणाली, एवढ्या लांब आलोत, घालू द्या. गौरवीने मशीन बॅटरीवर जोडलं, कार्ड काढलं, वायर परत जुन्या भोकात घातली. पडद्यावर एक पांढरी पट्टी डावीकडून भरायला लागली. मधे एका जागी ती थांबली, आणि तिघांनीही हात जिथे होते तिथेच ठेवले. मग ती पुढे सरकली.

त्यानंतर कार्ड बसलं आणि चित्र आलं. गौरवी नुसती हसली. शांताने उंडे काढून तिघांसाठी मोडले.

"आता जमीन लावया," गौरवी म्हणाली, आणि तिने साईशचे फोटो प्रोग्रामला जोडून दिले.

ते यायला वेळ लागला. मग मोपाचं पठार उगवलं, खरं, लाल, कडेला काजूची झाडं. सदाशिवने विमान उचललं आणि उजवीकडे वळवलं. रस्ता दिसला, तोच तो, नेहमीच्या वळणांचा, पण आता सगळी वळणं एकदम दिसत होती. बसमधून एक वळण संपल्याशिवाय पुढचं कधी दिसलं नव्हतं. तो खाली खाली आला. छपरांच्या तपकिरी दाण्यांमध्ये एक निळा ठिपका होता.

शांताने पुढे वाकून त्यावर बोट ठेवलं. "ती आमची ताडपत्री?"

गोठ्यावरची ताडपत्री त्यांनी मागच्या साली घातली होती. म्हणजे फोटो त्यानंतरचा, असं सदाशिवने लगेच ठरवलं. त्या दिवशी आपण घरी होतो का, असं शांताने विचारलं. ती आणखी थोडी पुढे सरकली आणि पडद्यावरचं बोट न काढता म्हणाली, "माका मुळगावाक व्हर."

त्याने शापोऱ्याच्या नदीचं पाणी ओलांडलं, अस्नोड्याचा पूल डाव्या हाताला ठेवला. बसने जायला अर्धा दिवस मोडतो, आणि इथे शांताचा उंडा संपायच्या आत केळबाईच्या देवळाकडची झाडं दिसायला लागली. तिने बाबलीचं घर ओळखलं. विहीर ओळखली. मग तिचं बोट घरामागे सरकलं.

घरामागे डोंगर उभा होता. तिच्या लहानपणी होता तेवढा मोठा नाही, पण होता. आणि त्याच्या उतारावर, कुणी साडी वाळत घालावी तसं, हिरवं-निळं पाणी चढत गेलं होतं. तिरकं पाणी. खाली सांडत नव्हतं, नुसतं अंगाला चिकटलं होतं.

"ह्या काय?" शांता म्हणाली. "थंय आता डोंगर नाय. खंदक आसा. पाण्याचो."

गौरवीलाही आधी कळलं नाही. तिने विमान थांबवायला सांगितलं, दुसऱ्या पडद्यावर काही शोधलं, आणि मग सांगितलं. जमिनीची उंची एका वेळी मोजलेली, फोटो दुसऱ्या वेळी काढलेले. उंची मोजली तेव्हा डोंगर पुष्कळसा शिल्लक होता. फोटो काढला तोवर तो खाणीसाठी खोदून झाला होता आणि खड्ड्यात पाणी साचलं होतं. मशीनने जुन्या डोंगरावर नवा फोटो पांघरलाय.

सदाशिवला ही चूक फार आवडली. तो विमान त्या उताराभोवती पुन्हा पुन्हा फिरवत राहिला. शांता मात्र चूक बघत नव्हती. ती म्हणाली, लहानपणी आम्ही करवंदांना अर्ध्या चढापर्यंत जायचो. त्याच्यापुढे पोरींना सोडत नसत. पलीकडची बाजू मी कधी बघितलीच नाही. मग तिने हाताने वळसा दाखवला. सदाशिवने नाक थोडं उचललं आणि विमान माथ्यावरून पलीकडे नेलं. पलीकडे दुसरा छोटा उतार होता, त्याच्या पायथ्याशी शेतं, आणि शेतांपलीकडे दुसरं गाव. एवढंच. शांता ते बराच वेळ बघत राहिली.

"सर्वणाचा देऊळ दिसता थंयसून," ती शेवटी म्हणाली. "माका वाटलेला रान आसतला."

जेवायला त्यांना उशीर झाला. बाबली चिडला नाही, पण त्याने कारण विचारलं, आणि शांताने सांगितलं. हात धुवायच्या आधीच तिघं घरामागे गेली. तिथे कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे जमीन एकदम संपत होती, खाली स्थिर हिरवं पाणी. शांताने हात वर करून हवेत दाखवलं, माथा इतका होता. बाबली म्हणाला, छे, त्याच्या किती वर, आणि इथे नाही, आणखी उजवीकडे. त्याने स्वतः त्यावर ट्रक चढवला होता, तेव्हा त्याला माहीत. शांता म्हणाली, ट्रक चढले तोवर अर्धा गेला होता. मला आधीचं आठवतं.

सदाशिवने दोघांचे हात बघितले. त्यांच्यामध्ये चांगलं माणूसभर अंतर होतं. त्याने बाबलीला विचारलं, की ट्रकचा रस्ता कुठल्या बाजूने चढत होता, आणि बाबली कुंपणाच्या कडेकडेने चालत, हाताने वळणं दाखवत, सांगायला लागला.